प्रस्तावित धरण आणि नदीवर भरणारं पोट: मासे, खेकडे, रानातलं अन्न यांची नोंद कशी करायची

धरणाच्या पर्यावरण अहवालात एक ओळ हमखास असते: "प्रकल्पक्षेत्रात व्यावसायिक मासेमारी आढळून आली नाही." कागदावर ती बरोबर असते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या पाड्यांवर मासे विकायला धरत नाहीत. ते संध्याकाळच्या कालवणासाठी धरतात. बाजारात न गेलेला मासा अहवाल लिहिणाऱ्याला दिसत नाही, आणि अहवालात नसलेल्या माशाची भरपाई कुणी देत नाही.

नार, पार, दमणगंगा, वाघ या पश्चिमेला वाहणाऱ्या नद्यांवर किती धरणं कागदावर आहेत हे त्या खोऱ्यांतल्या गावांना चांगलं माहीत आहे. पार-तापी-नर्मदा नदीजोड प्रकल्पातलं झरी, दमणगंगा-पिंजाळमधली भुगड आणि खारगीहिल, शिवाय नार-पार-गिरणा. तिथल्या ग्रामसभा, वनहक्क समित्या आणि त्यांना मदत करणारी कॉलेजची मुलं नोंदी करायला बसतात, पण त्याच त्याच चुका करतात. चुकांचं मूळ बहुतेक वेळा क्रमात असतं. आधी धरणाबद्दल विचारतात, मग माशांबद्दल. उन्हाळ्यात विचारतात, पावसाळ्याबद्दल लिहितात. घरातल्या पुरुषाला विचारतात, खेकडे मात्र बाई आणि पोरं धरतात. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानंच घ्या.

पूर्ण कामाला एक वर्ष लागतं. वर्ष हाताशी नसेल तर निदान पहिल्या पावसाचे सहा आठवडे आणि उन्हाळ्याचे सहा आठवडे तरी मिळवाच.

टप्पा १: घरोघरी जाण्याआधी कागद गोळा करा

पाण्याची रेषा कुठे येणार हे माहीत नसताना केलेलं सर्वेक्षण वाया जातं. आधी एवढं मिळवा:

— धरणाची पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथपर्यंत येतं ती उंची (समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये), आणि बुडीत क्षेत्राचा नकाशा
— बुडीतात पूर्ण आणि अंशतः जाणाऱ्या गावांची यादी, गट नंबरसह
— धरणातून खाली किती पाणी सोडणार, तेही महिनावार. वर्षाची सरासरी चालणार नाही
— कालवा किंवा बोगदा कुठून जाणार. दगड-मुरूम कुठून काढणार. कामगारांची वसाहत कुठे
— सिंचनाखाली किती हेक्टर येणार
— पर्यावरण मंजुरीसाठी अर्ज झाला असेल तर अभ्यासाच्या अटींचं पत्र (टीओआर)

मंजुरीचे अर्ज केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर सापडतात. बाकीचं माहितीच्या अधिकारात मागा; उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात "सर्व माहिती द्या" असं लिहू नका. प्रत्येक कागदाचं नाव वेगळ्या ओळीवर लिहा. मोघम अर्जाला मोघमच उत्तर येतं.

हेक्टरचा आकडा का हवा ते सांगतो, कारण पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत २०१८ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानंतर २,००० हेक्टरपर्यंतच्या लघु सिंचन प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागत नाही. अशा ठिकाणी तुमचं म्हणणं २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालच्या सामाजिक आघात अभ्यासात मांडावं लागतं. मोठ्या सिंचन प्रकल्पात मात्र उलटं होतं. ज्या सिंचन प्रकल्पाला पर्यावरण आघात मूल्यांकन लागू आहे, त्याला या कायद्याच्या कलम ६ नुसार सामाजिक आघात अभ्यासाच्या तरतुदी लागू होत नाहीत. म्हणजे "जमीन घेताना माशांचं बोलू" असं म्हणून थांबलात तर बोलायची जागाच उरत नाही. पर्यावरण अहवाल आणि त्याची जनसुनावणी हीच तुमची जागा. अनेक गावांना हे फार उशिरा कळलं.

> तपासा: पूर्ण संचय पातळीची रेषा १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटवर (उंचीच्या रेषा दाखवणाऱ्या नकाशावर) स्वतः काढली का? मग ती रेषा पायी चालून पाहिली का? मोबाईलमधली जीपीएसची उंची बऱ्याच मीटरने चुकू शकते. तिच्यावर विसंबून "हे घर बुडतं, ते वाचतं" असं कुणालाही सांगू नका.

टप्पा २: परिणामाचे पट्टे आखा

बुडीत क्षेत्र म्हणजेच बाधित क्षेत्र, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नदीवर जगणाऱ्यांच्या बाबतीत निदान चार पट्टे धरावे लागतात.

पहिला पट्टा बुडीताचा. दुसरा बुडीताच्या वरचा, म्हणजे जलाशयाला येऊन मिळणारे ओहोळ आणि त्यांच्या काठचे पाडे. त्यांची जमीन जात नाही, पण खालून चढून येणारा मासा धरणाच्या भिंतीशी अडतो. तिसरा धरणाच्या खालचा. चौथा कामाचा: खाणी, रस्ते, वसाहत, बोगद्याची तोंडं.

तिसऱ्या पट्ट्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं आणि नुकसान बहुधा तिथेच सगळ्यात जास्त होतं. खालच्या गावाची एक गुंठाही जमीन जात नाही, त्यामुळे त्याचं नाव कोणत्याच यादीत येत नाही. बहुतेक अहवाल धरणाभोवती १० किलोमीटरचं वर्तुळ काढून थांबतात. नदी वर्तुळात वाहत नाही. खालच्या बाजूला पुढची मोठी उपनदी येऊन मिळेपर्यंतचा पट्टा धरा. तिथपर्यंत नदीचं पाणी मुख्यतः धरणाच्या दरवाज्यावर अवलंबून राहणार आहे.

टप्पा ३: ग्रामसभेचा ठराव आणि नोंद करणारी माणसं

नाशिक जिल्ह्यातले सुरगाणा, पेठ, कळवण हे तालुके आणि दिंडोरी, इगतपुरी, नाशिक, बागलाणचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे. ग्रामसभेचा ठराव घेऊनच काम सुरू करा. ठरावात तीन गोष्टी हव्यात: नोंद कशासाठी, नोंदीचे कागद कुणाच्या ताब्यात राहणार, आणि गावाबाहेर काय जाणार, काय जाणार नाही. तिसरा मुद्दा शिकारीच्या टप्प्यात फार महत्त्वाचा ठरतो.

नोंद करणाऱ्यांत निम्म्या बायका असू द्या. शक्यतो त्याच बोलीतल्या. कोकणा, वारली, महादेव कोळी, कातकरी घरांत माशांची, झऱ्यांची, गवतांची नावं वेगवेगळी असतात. शहरातून आलेला मुलगा "मासा" एवढंच लिहितो, तिथे चार वेगवेगळ्या गोष्टी सांगितलेल्या असतात.

> सावध: कातकरी किंवा भूमिहीन घरं वाडीच्या टोकाला असतात आणि ग्रामसभेत मागे बसतात. नदीवर सगळ्यात जास्त अवलंबून तीच असतात. त्यांच्याकडे वेगळं जा, संध्याकाळी जा.

टप्पा ४: वर्षाचं गणित गावाच्या महिन्यांत मांडा

पहिल्या बैठकीत धरणाचा विषय काढू नका. जमिनीवर किंवा मोठ्या कागदावर बारा महिने मांडा. जून-जुलै असं नको. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, आणि जोडीला नागपंचमी, पोळा, दिवाळी, होळी, अक्षय तृतीया. मग प्रत्येक महिन्यात काय खाल्लं, कुठून आणलं, कोण गेलं हे खडे ठेवून दाखवायला सांगा.

माझी पहिली नोंद याच टप्प्यावर फसली होती. आम्ही एप्रिलच्या शेवटी पाड्यावर गेलो. नदी म्हणजे दोन डोह आणि मधे पांढरे दगड. "मासे किती मिळतात?" असं विचारलं. एका म्हातारीनं उत्तर दिलं, "पाणीच नाही तर मासा कुठला?" आम्ही कागदावर 'नगण्य' लिहून मोकळे झालो. जुलैत दुसऱ्या कामासाठी त्याच घरी गेलो तर चुलीवर खेकड्यांचं कालवण, आणि दारात बांबूच्या टोपलीत बोटभर मासे. तिनं खोटं सांगितलं नव्हतं. आम्ही प्रश्न चुकीच्या महिन्यात विचारला होता.

या भागातलं वर्ष साधारण असं असतं. पहिल्या जोरदार पावसात ओहोळ वाहू लागतात आणि मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. चढणीचे मासे म्हणा किंवा वलगण. भातखाचरांच्या बांधावर, ओहोळाच्या तोंडाशी ते हातानं, टोपलीनं, लहान जाळ्यानं धरतात. त्याच दिवसांत खेकडे बिळाबाहेर येतात. हेच दिवस घरातलं धान्य संपत आल्याचे असतात. नागली, भात, वरई अजून शेतात आहे आणि कणगी तळाला गेली आहे. भाद्रपदापासून पाणी निवळतं आणि पाग (फेकायचं जाळं), गळ चालू होतात. दिवाळीनंतर अनेक घरं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात, मागे म्हातारी माणसं आणि काही पोरं राहतात. होळीनंतर माणसं परततात, तेव्हा नदी डोहापुरती उरलेली असते, आणि त्या डोहांत वाम, मरळ, शिंगाडा हे मासे दडलेले असतात.

म्हणून अहवालात फक्त "वर्षाला इतके किलो" लिहून भागत नाही. कोणत्या महिन्यात मिळतं हे लिहिलं नाही तर अर्धी गोष्ट निसटते. आषाढातला एक किलो मासा आणि माघातला एक किलो मासा यांचं घरातलं मोल सारखं नाही.

> तपासा: स्थलांतराचे महिने वेगळे दाखवले का? डिसेंबर-जानेवारीतच सर्वेक्षण केलं असेल तर निम्मी माणसं गावात नव्हती, हे अहवालात लिहा.

टप्पा ५: डोह, ओहोळ, उतार — नावानिशी नकाशा

प्रत्येक डोहाला गावात नाव असतं. नकाशावर ते नाव लिहा. प्रत्येक जागेसाठी पाच गोष्टी नोंदवा: नाव; कोणता पट्टा (टप्पा २ प्रमाणे); पाणी किती महिने टिकतं; तिथे काय मिळतं; कोण जातं, बायका, पुरुष की पोरं.

डोहांवर थोडा जास्त वेळ द्या. उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा पुढच्या वर्षीचे मासे या डोहांतच जगून राहतात. पाऊस आला की तिथूनच वर-खाली पसरतात. एक खोल डोह गेला की त्याच्या वरच्या सगळ्या ओहोळांतला मासा हळूहळू कमी होतो. अहवालात डोह म्हणजे "नदीपात्राचा भाग" एवढंच असतं. तुम्ही त्याची खोली वैशाखात काठीनं मोजा, तारखेसह फोटो काढा, आणि "हा डोह कधी आटला होता का?" हे तीन वेगवेगळ्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

देवाचे डोहही असतात, जिथे मासे मारत नाहीत. तेही नोंदवा. बी राखून ठेवण्याची ती गावाची जागा आहे.

टप्पा ६: भांड्यात काय पडलं ते मोजा

हा टप्पा सगळ्यात कष्टाचा आणि सगळ्यात उपयोगाचा आहे.

"किती मासे पकडता?" असं विचारू नका. पकडणारा बढाई मारतो किंवा घाबरून कमी सांगतो. शिवाय पकडलेल्याचे वाटे होतात, त्यामुळे तेच मासे दोन घरांत मोजले जातात. विचारायचं ते हे: "गेल्या सात दिवसांत तुमच्या चुलीवर मासे, खेकडे, झिंगे, शिंपले किती वेळा शिजले? प्रत्येक वेळी किती?" उत्तर देणारी व्यक्ती शिजवणारी असावी.

मापं गावाचीच घ्या, पाटी, टोपली, वाटा, ओंजळ. पण पहिल्या भेटीत त्या मापाचं वजन काट्यावर करून ठेवा. एका पाड्यातली पाटी दुसऱ्या पाड्यातल्या पाटीएवढी असेलच असं नाही.

आणि प्रत्येक वेळी विचारा: "नदीचा की बाजारचा?" आठवडे बाजारातून सुके बोंबील, सुकट घरात येतात. ते नदीच्या खात्यात मिसळले तर सुनावणीत पहिल्याच प्रश्नाला तुमचा सगळा कागद कोसळेल.

घरं कशी निवडायची? वाडीतल्या सगळ्या घरांची यादी करा. जमीन असलेली, थोडी जमीन असलेली, भूमिहीन असे गट पाडा आणि प्रत्येक गटातून चिठ्ठ्या टाका. जे मासे धरतात त्यांच्याच घरी जायचा मोह होतो. त्यानं काय होतं ते पाहा. पुढचे आकडे फक्त हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत.

वाडीत ६० घरं. चिठ्ठीनं निवडलेल्या १५ घरांत आषाढातल्या एका आठवड्यात मिळून ३० किलो शिजलं, पण शिजलं त्यातल्या ९ घरांतच. बरोबर हिशोब: ३० भागिले १५, म्हणजे घरामागे २ किलो, ६० घरांचे १२० किलो. चुकीचा हिशोब: ३० भागिले ९, म्हणजे सव्वातीन किलोच्या वर, ६० घरांचे २०० किलो. शून्य आलेली सहा घरं गाळली की आकडा असा फुगतो. शून्यही नोंदवायचं असतं.

आता वर्ष. आषाढाचा १२० किलोचा आठवडा ५२ ने गुणला तर ६,२४० किलो येतात. वैशाखातल्या आठवड्याला १० किलो मिळाले आणि ते ५२ ने गुणले तर ५२०. दोन्ही खोटे. ऋतूप्रमाणे धरा:

— पहिल्या पावसाचे ८ आठवडे × १२० = ९६०
— पुढचे १६ आठवडे × ४५ = ७२०
— हिवाळ्याचे १६ आठवडे × २० = ३२०
— उन्हाळ्याचे १२ आठवडे × १० = १२०

एकूण २,१२० किलो. अधिकारी ५२० म्हणणार, उत्साही कार्यकर्ता ६,२४० म्हणणार. तुमचा कागद २,१२० सांगेल, आणि तो कसा आला हे ओळीनं दाखवेल.

> सावध: आकडा मोठा दिसावा म्हणून फुगवू नका. एक फुगवलेला आकडा पकडला गेला की खरे दहाही कुणी मानत नाही. नुकसान गावाचंच होतं.

टप्पा ७: माशांची यादी, गावाच्या नावानं आधी

प्रत्येक माशाचा फोटो पट्टी शेजारी ठेवून काढा, बोलीतलं नाव लिहा, मग ओळख प्राणिशास्त्राच्या जाणकाराकडून करून घ्या. उलटं करू नका. पुस्तकातली चित्रं दाखवून "हा मिळतो का?" विचारलं तर लोक पाहुण्याचं मन राखायला हो म्हणतात.

प्रत्येक माशासमोर लिहायचं: कधी चढतो, कुठे अंडी घालतो, उन्हाळ्यात कुठे राहतो, वाहत्या पाण्यातला की साचलेल्या. शेवटची गोष्ट निर्णायक आहे. वाहत्या, खडकाळ पाण्यातला मासा जलाशयात टिकत नाही. साचलेल्या पाण्यातला कदाचित वाढेल.

टप्पा ८: शिकारीबद्दल — नाव नको, कबुली नको

इथे घाई केली तर मदत करायला गेलेला माणूस गावकऱ्याला तुरुंगात पाठवून बसेल.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं पारंपरिक हक्क दिले, पण कलम ३ मध्येच शिकारीचा, सापळे लावण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. दुसरीकडे २०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंबा'च्या व्याख्येत वनोपज गोळा करणारे, शिकारी, मच्छीमार, नावाडी ही कुटुंबं नावानं धरली आहेत, ज्यांचं उपजीविकेचं मुख्य साधन जमीन संपादनाच्या आधी तीन वर्षं जंगल किंवा जलस्रोत होतं अशी. एक कायदा शिकाऱ्याला बाधित म्हणतो, दुसरा गुन्हेगार. "शिकारी" शब्द वाचून कुणाच्या नावापुढे ससा-भेकर लिहिलंत तर तो कागद त्याच्याविरुद्ध पुरावा होऊ शकतो.

म्हणून घरावार प्रश्नावलीत शिकारीचा प्रश्न ठेवूच नका. त्याऐवजी गावपातळीवर, कुणाचंही नाव न घेता हे नोंदवा: पाणवठे कुठे आहेत, त्यावर कोणते प्राणी येतात, त्यांच्या वाटा कुठून जातात, रानडुकरांचा त्रास कोणत्या शेतांना होतो. पाणी आलं की या वाटा तुटतात आणि जनावरं उरलेल्या शेतांत घुसतात. हे नुकसान कुणालाही धोक्यात न टाकता मांडता येतं. याच बैठकीत कंद, रानभाज्या, मोहाची फुलं, मध, हिरडा यांच्या जागाही नकाशावर घ्या. त्यांना वनहक्क कायद्याचं संरक्षण आहे.

विष टाकून किंवा सुरुंग लावून मासे मारणंही बेकायदा आहे. कुणी सांगितलं तर नाव लिहू नका; जागा आणि काळ एवढीच नोंद करा. त्यामुळे मासे कमी झाले असतील तर तेही अहवालात सांगावं लागेल, नाहीतर सगळा दोष धरणावर ढकलला असं म्हणतील.

> तपासा: घरावार कागद आणि गावपातळीचा कागद वेगवेगळ्या फायलीत आहेत का? नावांची यादी कोणत्याही कागदाला जोडलेली नाही ना?

टप्पा ९: परिणाम लिहा, कारणासह

आता धरणाचा विषय. प्रत्येक नोंदवलेल्या जागेसमोर लिहा: काय बदलणार, कशामुळे, कोणत्या महिन्यात, कुणाच्या ताटातून काय जाणार. "मासेमारीवर विपरीत परिणाम होईल" या वाक्याला किंमत नाही. असं लिहा: "धरण पहिलं पाणी साठवणार. भरेपर्यंत दरवाजे बंद. त्यामुळे ज्येष्ठ-आषाढाचा पूर खालच्या अमुक तीन पाड्यांपर्यंत पोचणार नाही. मासे याच पुराबरोबर चढतात. टप्पा ६ च्या नोंदीनुसार या पाड्यांचं वर्षाचं जवळपास निम्मं नदीचं अन्न याच आठ आठवड्यांत येतं." वरच्या हिशोबात २,१२० पैकी ९६० होते, ते याच कामासाठी.

खालच्या पट्ट्यात आणखी एक धोका लिहायचा असतो. ऑगस्टमध्ये धरण भरलं की पाणी एकदम सुटतं. आजवर पूर ढगांकडे पाहून कळायचा, आता भोंग्यावरून कळणार. पात्रात खेकडे शोधणाऱ्या पोरांपर्यंत तो भोंगा ऐकू जातो का, हे विचारा.

"जलाशयात मासे वाढतील" हा मुद्दा समोरून येणारच. तो सरसकट नाकारू नका. पाणी भरल्यावर पहिली काही वर्षं बुडालेल्या झाडोऱ्यामुळे मासे वाढतातही, नंतर उतरतात. त्यामुळे नव्या जलाशयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा आकडा कायमचा म्हणून कुणी दाखवला तर अडवा. मग विचारायचं: जलाशयात सोडणार ते कटला, रोहू, मृगळ. ते धरायला होडी आणि मोठी जाळी लागतात. ती कुणाकडे आहेत? जलाशयाचा ठेका कुणाला मिळणार? ठेका झाल्यावर टोपली घेऊन काठावर बसलेल्या बाईला मासा धरता येईल का? उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर काठावर गुडघाभर चिखल असतो, त्यात पोरांनी उतरायचं का?

या प्रश्नांची उत्तरं कागदावर शोधू नका. जिल्ह्यात वैतरणा, भावली, दारणा, मुकणे, चणकापूर अशी धरणं आहेत. त्यांच्या काठच्या आणि खालच्या एका-एका गावात दोन दिवस घालवा. "धरणाआधी काय खात होता, आता काय खाता?" एवढंच विचारा आणि ऐका. फायदा झालेली माणसं भेटली तर तेही लिहा.

> सावध: नुकसानीचं मोल बाजारातल्या माशाच्या भावानं लावू नका. विकत घ्यायचा मासा म्हणजे बाजारापर्यंतचं भाडं, त्या दिवसाची बुडालेली मजुरी आणि हातात रोख, हे तिन्ही धरा. आषाढात रोख नसते, आणि घरातलं धान्यही संपत आलेलं असतं (टप्पा ४).

टप्पा १०: वनहक्क दावा आणि भूसंपादनातली व्याख्या जोडून घ्या

वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये मासे आणि जलस्रोतातली इतर उत्पादनं यांवरचा सामूहिक हक्क आहे. बहुतेक गावांच्या सामूहिक दाव्यात वनोपज असतं आणि मासे विसरलेले असतात. दावा अजून दाखल व्हायचा असेल तर टप्पा ५ चा डोहांचा नकाशा त्याला जोडा. मंजूर हक्कात मासे नसतील तर ग्रामसभेत ठराव करून पुरवणी दावा करा. हक्क नोंदलेला असेल तर धरणाच्या वेळी "हक्कानं नव्हे, नुसत्या परवानगीनं मासे धरत होते" असं कुणी म्हणू शकत नाही.

२०१३ च्या कायद्यात कलम ४१ मध्ये अनुसूचित जमातींच्या बाधित कुटुंबांसाठी जलाशयातल्या मासेमारी हक्काची तरतूद आहे. ती मागताना खालच्या पट्ट्यातल्या पाड्यांची नावंही घाला. व्याख्येतल्या "मुख्य साधन" या शब्दावर अडवणूक होते. शेती असलेल्या घराला मासे मुख्य साधन नव्हतं असं म्हणता येतं. म्हणून भूमिहीन घरांचा हिशोब वेगळ्या तक्त्यात द्या, बाकी घरांसाठी टंचाईच्या महिन्यांचा.

टप्पा ११: गावात वाचून दाखवा, मग सुनावणीला जा

कच्चा अहवाल ग्रामसभेत बोलीत वाचा. चुका सांगायला एक आठवडा द्या. "आमच्या पाड्याचं नाव चुकलं", "तो डोह दोन वर्षांपूर्वी गाळानं भरला" अशा गोष्टी इथेच सुधारतात. मग ठराव करा.

जनसुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला प्रतिनिधी असतो. निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना यावी लागते. अहवालाच्या मसुद्याच्या प्रती जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषदेत पाहायला ठेवाव्या लागतात, सारांश स्थानिक भाषेत लागतो. हे ३० दिवस मसुदा वाचण्यासाठी वापरा, भाषण तयार करण्यासाठी नको. मसुद्यातला मासे आणि जलचरांचा भाग उघडा आणि तुमच्या नोंदीशी एकेक ओळ ताडून पाहा: पाहणी कोणत्या महिन्यांत केली, कोणत्या ठिकाणी, खालचा पट्टा किती किलोमीटर धरला, खेकडे आहेत का, बायकांशी बोलले का. फरक एका पानाच्या तक्त्यात मांडा.

सुनावणीत प्रत्येक वक्त्यानं एकच मुद्दा घ्यावा. एकीनं आषाढाचं अन्न, दुसऱ्यानं डोह, तिसऱ्यानं खालचे पाडे. पंधरा जणांनी "आमचा विरोध आहे" म्हटलं तर इतिवृत्तात एक ओळ येते. पंधरा वेगळे मुद्दे पंधरा ओळी होतात, आणि प्रत्येकाला लेखी उत्तर द्यावं लागतं. लेखी निवेदन दोन प्रतींत न्या, एका प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.

सुनावणी संपल्यावर लगेच निघू नका. इतिवृत्त त्याच ठिकाणी स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं आणि त्यावर त्याच दिवशी सही व्हायची असते. तुमचा मुद्दा त्यात नसेल तर तिथेच हात वर करून सांगा. नंतर अंतिम अहवाल 'परिवेश'वर आला की उत्तरांचा तक्ता उघडा आणि प्रत्येक मुद्द्यासमोर काय लिहिलंय ते ग्रामसभेत वाचा. जिथे "नोंद घेतली" एवढंच आहे, तिथे तारखेसह पुन्हा पत्र द्या. नोंदीचं काम थांबवू नका. पुढच्या ज्येष्ठात पहिला पाऊस पडेल तेव्हा काटा आणि वही घेऊन चिठ्ठीनं निवडलेल्या त्याच घरांत पुन्हा जा. एका वर्षाच्या आकड्याला "त्या वर्षी पाऊस चांगला होता" असं म्हणून उडवता येतं.